कारण क्रमांक सतरा

मंगळवारी सकाळी आमच्या कंपनीचं विमान वेळेवर सुटलं आणि त्यामुळे विमानतळावर मोठा गोंधळ उडाला.

तिकिटावर आठ दहाची वेळ होती आणि विमान आठ दहालाच उडालं. पन्नास प्रवाशांपैकी नऊ जण आत होते, त्यातल्या दोघांना तर दुसऱ्याच विमानात बसायचं होतं. उरलेले एक्केचाळीस जण नेहमीप्रमाणे घरची कामं उरकून, झाडांना पाणी घालून पावणेदहाच्या सुमाराला आले. विमान गेलं हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"गेलं? म्हणजे कुठे गेलं?" एका बाईंनी विचारलं.

"जिथे जायचं तिथेच गेलं."

"पण अजून दहासुद्धा वाजले नाहीत!"

त्यांचं चुकलं नव्हतं. बावीस वर्षं आमचं आठ दहाचं विमान दहा वीसला सुटत आलेलं. उशीर दोन तास दहा मिनिटं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. ज्याला हे ठाऊक नसेल तो बाहेरगावचा, असं शहरात सरळ मानलं जायचं. उशीर करणाऱ्या कंपन्या पुष्कळ असतील, पण उशिराच्या बाबतीत इतकी वक्तशीर कंपनी माझ्या तरी पाहण्यात नाही.

'विमान वेळेवर सोडण्यास जबाबदार कोण' हे शोधायला त्याच दिवशी एकसदस्यीय समिती नेमली गेली. सुटण्याची घोषणा मी केलेली असल्यामुळे पहिला खुलासा माझ्याकडूनच मागवण्यात आला. मी लिहून दिलं की असा प्रकार माझ्या सेवाकाळात पूर्वी कधी घडलेला नाही आणि पुढेही घडणार नाही याची मी काळजी घेईन. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी एक नवी, स्वस्तातली विमान कंपनी आमच्याशी भागीदारी करावी की न करावी हे बघायला येणार होती. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत निदान एक विमान तरी वेळेवर सुटावं अशी मोठ्या साहेबांची इच्छा होती. पाहुणे साडेसातला यायचे होते. ते त्यांच्या स्वतःच्या विमानाने निघाले होते, म्हणून पावणेअकराला पोचले.

मी या कंपनीत घोषणा करते. मायक्रोफोन, एक खुर्ची, एक टेबलपंखा आणि धावपट्टीकडे उघडणारी एक खिडकी एवढं माझं खातं. नियमावलीत माझ्यासाठी एकच वाक्य होतं: 'अपरिहार्य कारणास्तव उड्डाणास विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.' नोकरीला लागले तेव्हा पहिले तीन दिवस मी ते इमानदारीत वाचलं. चौथ्या दिवशी एक आजोबा काठी टेकत काचेपाशी आले. म्हणाले, "पोरी, अपरिहार्य म्हणजे नक्की काय झालंय गं?"

मलाही माहीत नव्हतं. मी खिडकीतून वाकून बघितलं आणि जे दिसलं ते मायक्रोफोनवर सांगून टाकलं. "मंडळी, विमानाच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. हवा भरणारे मामा न्याहारीला बसलेत. डब्याचा शेवटचा कप्पा उघडलाय त्यांनी, म्हणजे वीस मिनिटं धरा."

लोक हसले आणि वीस मिनिटं धरून बसले. तिकडून मामांनी हात हलवला. एकविसाव्या मिनिटाला चाकात हवा होती.

तेव्हापासून मी दिसेल ते सांगत आले. वैमानिकांच्या धाकट्याची शाळेची बस चुकली, त्याला सोडून येतायत. पाचव्या रांगेत मांजर बसलंय, ते स्वतःहून उठायची वाट बघतोय. मामांनी न्याहारी घरून करून यावी असा प्रस्ताव एकदा आला होता. पण मग चाक लवकर तयार होईल आणि वैमानिक तर साडेनऊशिवाय येत नाहीत, म्हणून तो बारगळला. अशा रीतीने सगळं एकमेकांना धरून नीट चाललं होतं. फक्त कंपनी बुडत होती.

पाहुण्यांबरोबरच्या बैठकीला मलाही बोलावलं गेलं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं होतं, आणि मोठ्या साहेबांच्या मते मोठ्याने वाचता येणारी कंपनीत मी एकटीच.

पाहुणे पाच जण होते आणि पाचांत मिळून एक बॅग होती. त्यांच्या प्रमुख बाई तिशीच्या, चुणचुणीत, बोलायला गोड. त्यांनी मला आपलं कार्ड दाखवलं आणि परत घेतलं. त्यावर 'प्रमुख, अनावश्यक सेवा वगळणी विभाग' असं होतं. आमच्या लोकांनी पाच मिनिटांत त्यांचं नाव कपातबाई ठेवलं. खुर्च्या दिल्या तरी पाहुणे उभेच राहिले. त्यांच्या कचेरीत खुर्च्या नव्हत्या, बसायची सवय मोडली होती.

"तुमच्याकडे विमानं किती?" कपातबाईंनी विचारलं.

"सात," मोठे साहेब म्हणाले.

"उडणारी?"

साहेबांनी छताकडे बघितलं. "उडतात चार. बाकीची तीन त्या चारांना सुटे भाग देतात. आणि तुमची?"

"चाळीस."

आमच्या बाजूने सगळे सावरून बसले.

"यायची आहेत," त्या म्हणाल्या. "सध्या दोन आहेत, भाड्याची. पण प्रवासी म्हणाल तर भरपूर. तिकिटं सगळी गेलेली आहेत."

"म्हणजे तुमच्याकडे माणसं आहेत आणि विमानं नाहीत."

"आणि तुमच्याकडे विमानं आहेत आणि माणसं नाहीत."

दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे फार आशेने पाहिलं. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे आईबाप बघतात तसं.

मग कपातबाईंनी त्यांच्या कंपनीचं तत्त्व समजावून सांगितलं. विमान उडणं ही मूळ सेवा, बाकी सगळं ऐच्छिक. पाणी, खिडकी, पाय लांब करणं, शेजारी ओळखीचं माणूस असणं, हे ज्याला हवं त्याने वेगळं मागावं. विमानाचं उतरणं मूळ सेवेत धरायचं की ऐच्छिक ठेवायचं, यावर त्यांचा एक अभ्यासगट काम करत होता.

"आणि निष्कर्ष?" साहेबांनी काळजीने विचारलं.

"बहुतेक प्रवासी ते मागतातच असं दिसतंय."

एवढ्यात दार ढकलून त्या एक्केचाळिसांतले तिघे-चौघे आत आले. पाहुण्यांनी बॅग छातीशी धरली. त्यांच्याकडे पंधरा मिनिटं उशीर झाला की लोक काउंटरवर चढतात, असं त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. पण आमचे लोक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सगळ्यांत पुढे एक निवृत्त मास्तर होते. मुलाला भेटायला दर महिन्याला आमच्या विमानाने जायचे.

"सॉरी हां ताई," मास्तर म्हणाले. "आम्हीच घोळ घातला. तुम्ही सकाळी सांगितलं असणार, आम्हीच ऐकायला नव्हतो."

"अहो, तुमचं कसलं चुकलं!"

"नाही, नाही. उद्या वेळेवर येतो. दहाला."

ते गेले. कपातबाई दाराकडे बघत राहिल्या. "यांचं विमान चुकलं. आणि माफी हे मागतायत?"

"सवय आहे," साहेब म्हणाले.

"ही सवय लावली कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत कंपनीने माझ्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ.

आता यात माझं काय अडलं होतं तेही सांगायला हवं. माझी एकुलती एक लेक ज्या शहरात राहते तिथे जाणारं विमान फक्त आमच्याच कंपनीचं. रस्त्याने सात तास लागतात. लेकीचं पहिलं बाळंतपण पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास होतं. जावई लाखात एक आहे, पण रक्त दिसलं की खाली बसतो. तेव्हा तिच्याजवळ कोणीतरी उभं राहू शकणारं माणूस हवं होतं.

"आई, तू वेळेवर येशील ना?" लेक फोनवर रोज विचारायची. "तुझ्या विमानासारखं नको करूस."

"माझं विमान काय करतं? दोन तास दहा मिनिटं. तेवढं तू धरून ठेव."

"मी ठेवीन गं. बाळाला कोण सांगणार?"

मी दोन महिने आधीच रजेचा अर्ज दिला होता. तो साहेबांच्या टेबलावर होता आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात शेरा होता: 'भागीदारीचा निर्णय होईपर्यंत सर्व रजा स्थगित.'

चार दिवसांनी मला कोठीच्या खोलीत बोलावलं. तिथे जुनी ब्लँकेटं छतापर्यंत रचलेली होती, त्यामुळे आवाज घुमत नाही. कपातबाई स्वतःचा फोन हातात धरून उभ्या होत्या. ध्वनिमुद्रण करणारा माणूस त्यांनी वगळला होता.

"ताई, तुमची कारणं आम्हाला फार आवडली," त्या म्हणाल्या. "आम्ही चौसष्ट निवडलीत. तुमच्या आवाजात एकदा भरून ठेवायची, मग यंत्र लावत जाईल. दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या विमानतळांवर."

मी यादी बघितली. मांजर होतं, शाळेची बस होती. क्रमांक सतराला मामांची न्याहारी होती. सगळ्यांत शेवटी, चौसष्टाव्या क्रमांकाला लिहिलं होतं: 'मंडळी, विमान दिसतंय बरं का. आलंच.'

"हे कधी लावायचं?"

"विमान दिसत नसेल तेव्हा."

"अहो, पण मी खिडकीतून बघते आणि असेल ते सांगते. खरं असतं म्हणून लोक ऐकतात."

"अगदी बरोबर!" कपातबाईंना माझं फारच पटलं. "लोकांना तुमच्या आवाजात खरं ऐकायची सवय आहे. म्हणून तर तुमचा आवाज घेतोय. खरं नको. ते रोज नवीन शोधावं लागतं, त्याला एक माणूस आणि एक खिडकी लागते. तेवढं वगळलं तरी आवाज तोच राहतो की नाही?"

मी यादी टेबलावर ठेवली. म्हटलं, मला हे जमायचं नाही.

मोठे साहेब आले. माणूस वाईट नाही. त्यांच्या कोटाची पितळी बटणं इतकी वर्षं मीच शिवून देत आले. ते ब्लँकेटांच्या गठ्ठ्यावर बसले. "हे बघा ताई, भागीदारी झाली तर विमान चालेल. नाही झाली तर एक तारखेपासून बंद. मग लेकीकडे काय चालत जाणार आहात?"

"आणि माझी रजा?"

"तुम्ही वाचा. रजा मंजूर झालीच समजा. माझा शब्द."

मी वाचलं. सकाळपासून दुपारपर्यंत चौसष्ट कारणं वाचली. "जरा मनापासून," कपातबाई मधूनमधून म्हणायच्या. शेवटच्या कारणाला मला लेकीची आठवण झाली. ती पोट सांभाळत दारात उभी असेल, वाट बघत असेल. 'विमान दिसतंय बरं का. आलंच,' म्हणताना माझा गळा भरून आला.

"हेच!" कपातबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "अगदी हेच हवं होतं."

भागीदारी झाली. एकाच विमानाला दोन्ही कंपन्यांची नावं लावायची, असं ठरलं. समारंभात दोन्ही प्रमुखांनी एकाच लेखणीने सह्या केल्या, कारण पाहुण्यांनी लेखणी आणली नव्हती. आम्हा कर्मचाऱ्यांना एकेक पाकीट मिळालं. माझ्या पाकिटात रजेचा अर्ज होता. साहेबांनी शब्द पाळला होता. अर्जावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'रजा मंजूर. कालावधी: कायम.' खाली एक टीप होती की माझं पद माझ्या आवाजात विलीन करण्यात आलं आहे आणि आवाज कंपनीच्या सेवेत कायम राहील.

मामांच्या पाकिटातही तसंच काहीतरी होतं. "हवा वगळली म्हणतात," ते म्हणाले. "आता चाकं कशाने भरणार, मला विचारू नकोस."

मी फार वाईट वाटून घेतलं नाही. वीस तारखेला लेकीजवळ असणं, एवढंच मला हवं होतं. आता कर्मचारी नसल्यामुळे तिकीट मात्र चारचौघांसारखं काढावं लागलं. फोनवर काढलं. किंमत वाचून मला हसूच आलं, इतकं स्वस्त. खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं. ते वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा आतल्या खोलीत होता. त्याच्याखाली 'मी हे सर्व वाचले आहे व मला मान्य आहे' असा चौकोन होता. मी त्यावर बोट टेकवलं.

अठरा तारखेला सकाळी पावणेदहाला मी विमानतळावर गेले. विमान आठ दहाचंच होतं, सवयही तीच होती. मामा निरोप द्यायला आले होते. मामींनी बाळासाठी पिवळं टोपडं विणलं होतं, ते कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. बाकी सगळे नेहमीचेच लोक. मास्तर पुढच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. माझी खोली बंद होती. धावपट्टीकडच्या मोठ्या काचेवर एक भलं थोरलं चित्र चिकटवलं होतं. निळं आकाश, त्यात विमान, विमानावर दोन्ही कंपन्यांची नावं.

दहा वीस झाले. साडेदहा झाले. मग छतातून माझा आवाज आला.

"मंडळी, विमानाच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. हवा भरणारे मामा न्याहारीला बसलेत. डब्याचा शेवटचा कप्पा उघडलाय त्यांनी, म्हणजे वीस मिनिटं धरा."

लोक हसले. पाय सैल सोडून बसले.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, मी तर इथे आहे."

"मला दिसताय."

"मग तिकडे न्याहारी कोण करतंय?"

मामा थोडे जवळ सरकले. "ताई, तुला कसं सांगू कळत नव्हतं. मी काल विमानांच्या शेडवर जाऊन आलो, माझा पाना राहिला होता तिथे. शेड रिकामी आहे."

"रिकामी म्हणजे? सात विमानं होती, चार तर उडणारी!"

"साहेबांनी विकली. म्हणाले, त्यांची चाळीस येणार आहेत, आपली जुनी कशाला सांभाळायची."

"आणि त्यांची भाड्याची दोन?"

"ती त्यांनी परत केली. म्हणाले, यांची चार आहेत, उगाच भाडं कशाला. दोन्हीकडची पत्रं म्हणे एकाच दुपारी निघाली."

"मग ती चाळीस?"

"यायची आहेत."

म्हणजे विमानाला आता दोन नावं होती आणि विमान नव्हतं. तेवढं सोडलं तर भागीदारीत कुठेही खोट निघाली नसती.

फोन वाजला. जावई होता, आवाज पातळ झालेला. "आई, कळा सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणतात आजच. मी खाली बसलोय. कुठवर आलात?"

"आलेच," मी म्हटलं. "आलेच रे, विमान दिसतंय." आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चौसष्टावं कारण सांगितलं.

मग मला राहवेना. मी बाकांच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. "मंडळी, उठा! विमान येणार नाहीये. विमानच नाहीये. बसायचं असेल तर बसस्टँडवर जाऊन बसा!"

सगळ्यांनी वळून बघितलं. मास्तरांनी डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं. "शू! बाई, जरा हळू. वरून सांगतायत काहीतरी, ऐकू द्या."

वरून पुन्हा सतरावं कारण चाललं होतं.

"मास्तर, ते मीच सांगतेय! तो आवाज माझा आहे!"

मागे माझ्यासमोर उभं राहून माफी मागणाऱ्या मास्तरांनी मान तिरकी करून एकदा मला ऐकलं, एकदा छताला. "मिळतो थोडाफार," ते समजुतीने म्हणाले. "पण त्या ताई असं ओरडत नाहीत. काचेमागे असतात त्या, मी ओळखतो त्यांना. बावीस वर्षांत एक शब्द खोटा बोललेल्या नाहीत."

आता मामा उठले. "अहो मास्तर, हवा भरणारा मामा तो मीच की! मी न्याहारीला नाही बसलो, मी इथे उभा आहे!"

"मग इथे काय करताय?" एक बाई कडाडल्या. "पन्नास माणसं खोळंबलीत तुमच्यापायी! जा की, हवा भरा!"

"किती वेळ खायचं ते," दुसरं कोणीतरी म्हणालं.

मामा इतके ओशाळले की खरोखरच दोन पावलं धावपट्टीच्या दाराकडे गेले. मी त्यांना बाहीला धरून मागे ओढलं.

"बरं, माझं राहू द्या," मी म्हटलं. "निदान काचेतून बाहेर तरी बघा. कुठे आहे विमान?"

सगळ्यांनी काचेकडे बघितलं. "आहे की," मास्तर म्हणाले. "हे काय. चांगलं मोठं आहे."

आणि नेमकं तेव्हाच छतातून, भरल्या गळ्याने, मी म्हणाले, "मंडळी, विमान दिसतंय बरं का. आलंच."

पन्नास माणसं एकदम उठली. सामान उचललं गेलं, पोरांचे हात धरले गेले, बघता बघता रांग लागली. आता खोटं कशाला बोलू? मीसुद्धा बॅग उचलली आणि रांगेत उभी राहिले. शेड रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, समोर कागद चिकटवलाय हे दिसत होतं. पण आवाजच तसा होता हो. इतक्या मायेने सांगणारं माणूस कशाला फसवेल, असं वाटलं.

"ताई," मामांनी कानाशी येऊन विचारलं, "तूही?"

तेव्हा कुठे मी भानावर आले.

साडेअकराची बस मिळाली. मामा बसच्या खिडकीखाली उभे होते. बस हलेपर्यंत ते विमानतळाच्या दिशेने बघत होते. "सतरा नंबर लागून तासभर झाला," ते म्हणाले. "म्हणजे माझी न्याहारी झाली असेल एव्हाना." मी त्यांच्याकडे नीट बघितलं. ते थट्टा करत होते की नाही, मला अजून सांगता येत नाही.

बाळ चार वाजून वीस मिनिटांनी आलं. मुलगी. मी साडेसहाला दवाखान्यातल्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा जावई जमिनीवर बसून होता, पण हसत होता. लेकीचा चेहरा दमलेला, कुशीत एवढंसं गाठोडं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"दोन तास दहा मिनिटं," ती म्हणाली. "आई, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

मी बाळाला टोपडं घातलं. ते नाकापर्यंत आलं. लेकीच्या पहिल्या हाकेला मी नव्हते, एवढं मनाला लागलं ते लागलंच. कळांच्या त्या सगळ्या वेळात लेक पुन्हा पुन्हा विचारत होती, आई कुठे आहे, आणि जावई जमिनीवरून सांगत होता, विमान दिसतंय म्हणाल्यात, येतीलच. त्याने तिला धीर आला म्हणे. तेव्हा कारण अगदीच वाया गेलं असंही म्हणता येत नाही.

बाळ झोपल्यावर फोनवर निरोप आला. 'आपला आजचा प्रवास कसा झाला? कृपया तारे द्या.' खाली चौकोन होते. आसन. स्वच्छता. घोषणा. पहिल्या दोन्हींना काय द्यावं कळेना, म्हणून सोडून दिले. घोषणेला पाच दिले. आपल्या माणसाला कोण कमी देतं?

महिन्याभराने कपातबाईंचं पत्र आलं, सोबत अहवाल. अठरा तारखेच्या उड्डाणाच्या घोषणेला पन्नासपैकी एकोणपन्नास प्रवाशांनी पाच तारे दिले होते. एकाने चार दिले होते. ते मास्तर. त्यांनी शेरा लिहिला होता: 'घोषणा उत्तम. मात्र मध्येच एक बाई आरडाओरडा करत होत्या, त्यांना आवरावे.' या यशामुळे आणखी तीन विमान कंपन्या भागीदारीसाठी पुढे आल्या आहेत, असंही पत्रात होतं. त्यांच्याकडेही विमानं यायची आहेत. माझा आवाज आता रेल्वेसाठी, वीज कंपनीसाठी आणि दोन-तीन कचेऱ्यांसाठी मागितला जातोय. माझी हरकत असेल तर आठ दिवसांत कळवायचं होतं. कळवायला एक नंबर दिला होता. लावून बघितला. पलीकडून मीच बोलले, आणि मला थोडा वेळ धरायला सांगितलं.

मी धरला.

तुम्ही हे वाचत कुठे बसलाय, मला माहीत नाही. एखाद्या बाकावर असाल, तुमचा नंबर यायचा असेल, समोरच्या काचेवर काहीतरी छान दिसत असेल, आणि वरून कोणी ओळखीच्या, मायेच्या आवाजात 'आलंच' म्हणत असेल, तर माझं एवढं ऐका. एकदा उठून त्या काचेला हात लावून बघा.

काय म्हणता? रांगेतली जागा जाईल?

मग राहू द्या.